माझा मुलगा सिनेमा बघताना सतत 'हे कसं केलं? हे खरं घडलं का?' विचारत राहतो आणि गोष्टीची मजा जाते. त्याची ही सवय कशी मोडावी?

मोडू नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगा दहा वर्षांचा आहे, घरी सिनेमा लावला की दर पाच मिनिटांनी त्याचं सुरू होतं, आणि तुमचे मिस्टर वैतागून उठून जातात. मला विचाराल तर उठणाऱ्याला उठू द्या, पोराला गप्प करू नका. इतक्या ठामपणे सांगते, कारण त्या पोराच्या जागी मी बसलेली आहे. मला गप्प करणारे माझे थोरले काका होते.

आमचं तालुक्याचं गाव, टॉकीज एकच. रविवारी तीनच्या खेळाला काका घरातल्या सगळ्या पोरांना घेऊन जायचे. बाल्कनीचं तिकीट, इंटरव्हलला भजी, यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. अट एकच, खेळ चालू असताना तोंड उघडायचं नाही. त्यांच्या लेखी गोष्ट ऐकणं म्हणजे हात जोडून बसणं. मध्ये शंका काढणाऱ्याला गोष्ट कळत नाही, असं ते नेहमी म्हणायचे.

एका रविवारी चांगला रडका कौटुंबिक सिनेमा लागला होता. बघता बघता मला पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, एक गोल ठिपका दिसला. पापणी लवेपर्यंत गेलाही. सात-आठ सेकंदांनी पुन्हा तसाच आला, आणि त्यानंतर लगेच पडद्याचा उजेड बदलला. आधी चित्र जरा पिवळट दिसत होतं, ते एकदम पांढरं झालं. मी काकांच्या कानाशी लागले. ते म्हणाले, "सिनेमा बघायला आलीस का पडद्याचे डाग मोजायला? गप बस."

मी गप बसले आणि डागच मोजत राहिले. ते जोडीनं येतात हे लक्षात आलं. एक जोडी गेली की बऱ्याच वेळानं दुसरी. दर जोडीनंतर उजेडात काहीतरी फरक पडायचा. शेजारी बसलेल्या एकालाही तो दिसत नव्हता, याचंच मला नवल वाटत होतं.

इंटरव्हलला चुलतभावाला ओढत मी थेट केबिनच्या जिन्यानं वर गेले. डोअरकीपरनं हटकलं, पण आतून ऑपरेटर चाचांनी "येऊ दे पोरांना" म्हटलं. केबिनमध्ये उकाडा आणि जळका वास. दोन अवाढव्य मशीनं शेजारी शेजारी उभी. मी ठिपक्याचं विचारलं, तर चाचा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तुला दिसला? तो आमच्यासाठी असतो."

मग त्यांनी सगळं दाखवलं. सिनेमा एका लांबलचक पट्टीवर येत नाही, रिळांच्या पेट्या येतात. मोठं रीळ म्हणजे 2000 फूट, चालतं वीस-बावीस मिनिटं. एका मशीनवर रीळ चालू असतं तेव्हा पुढचं रीळ दुसऱ्यावर लावून तयार ठेवायचं. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, दुसरा दिसला की इकडची झडप पाडायची आणि तिकडची उघडायची. खाली प्रेक्षकाला वाटतं, गोष्ट सलग चालली आहे. उजेडाचं कारणही तिथंच होतं. दिव्याच्या जागी दोन कार्बनच्या काड्या, टोकाला टोक भिडवल्यासारख्या पण मध्ये बारीक फट ठेवलेल्या, आणि त्या फटीत डोळे दिपवणारी ठिणगी सतत पेटलेली. काळ्या काचेतून बघायचं. काड्या जळून आखूड होतात, फट वाढते, उजेड मंद होतो, म्हणून चाचा बोलता बोलता चाकी फिरवून त्या पुढे सरकवत होते. दोन मशीनींच्या काड्या सारख्या जळत नाहीत, म्हणून पडदा कधी पिवळा, कधी पांढरा.

इंटरव्हलनंतरचं पहिलं रीळ संपेपर्यंत त्यांनी आम्हाला वर थांबू दिलं. फिल्म खिडकीतून सरळ सरकत जात नाही, हे मला तिथं कळलं. प्रत्येक चित्र क्षणभर थांबतं, मग झटका बसून पुढचं येतं, सेकंदाला 24 वेळा. सरकताना चित्र फरकाटलेलं दिसू नये म्हणून तेवढ्यात एक फिरतं पातं उजेड अडवतं. म्हणजे तीन तासांच्या सिनेमात जवळजवळ निम्मा वेळ पडदा काळा असतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आवाजाचं तर त्याहून नवल. आवाज फिल्मच्या कडेला नागमोडी पट्टीसारखा छापलेला असतो, पण ज्या चित्राचा तो आवाज, त्याच्या शेजारी नसतो. वीसेक चित्रं पुढे असतो. चित्राला थांबावं लागतं आणि आवाजाला थांबून चालत नाही, म्हणून चित्र वरच्या खिडकीत दिसतं आणि आवाज खाली, फिल्म संथ वाहते तिथं वाचला जातो. फिल्म तुटून सांधली की संवाद विचित्र जागी का तुटतो, त्याचं उत्तर हे. मला त्या दिवशी वाटलेला आनंद आजही तसाच्या तसा आठवतो.

खाली येऊन उरलेला सिनेमा पाहिला. नायकाची आई गेली तेव्हा मी हमसून रडले. ठिपका त्या प्रसंगातही आला होता, मला दिसलाही होता, आणि रडूही येत होतं. हे मुद्दाम सांगते, कारण घरी जाताना मी उत्साहानं सगळं सांगितल्यावर काका म्हणाले, "झालं! आता तुला सिनेमात ठिपकेच दिसणार. पडद्यावर आई मेली तरी डोळ्याला पाणी येणार नाही."

हे साफ खोटं आहे. तुमच्या प्रश्नातही हीच समजूत आहे, म्हणून मी लिहायला बसले. कसं केलं ते कळलं की गोष्टीवरचा विश्वास उडतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी दादासाहेब फाळक्यांच्या सिनेमांचं काय झालं ते बघावं. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केलं होतं, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. हॉटेलात स्वयंपाक करणारा माणूस. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही साकारले. आणि म्हणतात की पडद्यावर राम आला की लोक पायातले जोडे काढायचे. रामाचा आणि सीतेचा चेहरा एकच, तरी कुणाची भक्ती आटली नाही. नाटकात मिशा काढून नऊवारी नेसणारे नट पाहण्यात ज्यांचा जन्म गेला होता, ते हे प्रेक्षक. सोंग कसं आणतात ते ठाऊक असूनही डोळे भरून येतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

काकांशी हा वाद पुढे अनेक वर्षं चालला. चातुर्मासात ते रोज रात्री 'पांडवप्रताप' वाचायचे, आम्ही सगळे बसायचो. मी एकदा म्हटलं, "काका, जनमेजयानं वैशंपायनाला काही विचारलंच नसतं, तर हे सगळं कुणी सांगितलं असतं?" काकांनी पोथीतून मान वर न करता उत्तर दिलं, "तो राजा होता. तू कोण?"

तेव्हा मला पुढे बोलता आलं नाही. घरातल्या मोठ्यांसमोर आम्ही फार बोलत नसू. काका आता नाहीत, म्हणून उत्तर इथं देते. आदित्यराणूबाईच्या कहाणीत गरीब ब्राह्मण समिधा आणायला रानात जातो. तिथं नागकन्या, देवकन्या वसा वसत असतात. त्यांना तो विचारतो, कोणाचा वसा वसता, तो मला सांगा. त्या म्हणतात, तुला कशाला, उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील. म्हणजे त्यालाही आधी गप्पच केलं होतं. तो हटला नाही, म्हणून कहाणी पुढे गेली. ना राज्य, ना सिंहासन, नुसता विचारणारा माणूस. श्रावणात आजी ही कहाणी सांगायची तेव्हा काका शेजारच्या खोलीत असायचे. त्यांनी ती माझ्याहून जास्त वेळा ऐकली होती.

हो, या चौकसपणातून पुढे काय मिळालं असं कुणी विचारेल. मी सिनेमात गेले नाही, इंजिनिअर झाले नाही. विमा कचेरीत नोकरी केली. आजही एखादा सिनेमा आवडला की त्यातला काळ, गाव, खटला, रोग खरा होता का ते शोधत रात्री जागते, आणि त्यामुळे तो सिनेमा माझ्याजवळ जास्त दिवस राहतो. फायद्याची भाषा इथं लागूच होत नाही. गोष्टीनं माणसाला प्रश्न पाडला, तर ती गोष्ट आत शिरली. तुमचा मुलगा लक्ष देत नाही असं नाही, घरात सगळ्यांत जास्त लक्ष तोच देतोय.

आता काही गोष्टी सांगायला हव्यात. थिएटरात बाकीच्यांनीही तिकीट काढलेलं असतं, तिथं कुजबूज नको. प्रश्न मनात ठेव, इंटरव्हलला विचार, असं सांगितलं की दहा वर्षांच्या मुलाला कळतं. पण मग इंटरव्हलला खरंच ऐकून घ्या, पॉपकॉर्नच्या रांगेत विसरू नका. 'सिनेमा आहे तो, त्यात असंच असतं' हे उत्तर देऊ नका, ते उत्तरच नाही. येत नसेल तर घरी जाऊन दोघं मिळून शोधा. आणि भीतीच्या किंवा मरणाच्या प्रसंगात 'हे खरं घडलं का?' असं विचारलं तर नीट बघा, तो माहिती मागत नसेल, त्याला तुमचा हात हवा असेल. तेव्हा कॅमेऱ्याची युक्ती सांगत बसू नका, आधी जवळ घ्या.

तुमच्याकडे ठिपके दाखवायला आता काही नाही. 2010 च्या आसपास गावोगावी डिजिटल आलं आणि रिळं गेली. पण एक प्रयोग घरी होतो. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीची चित्रं थोड्या थोड्या वेळानं घेतली होती. ती सलग फिरवली तेव्हा बघता बघता रोप वर आलं, आणि ते पाहून पैसा लावणारा माणूस तयार झाला. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनीही घरातच कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून सगळं काम शिकून घेतलं. तुम्ही वाटीत ओल्या फडक्यावर मटकी ठेवा, मोबाईल एका जागी पक्का बांधा, आणि दर तासाला एक फोटो मुलाला काढू द्या. उजेड दिवसभर सारखा हवा, म्हणून खिडकीपेक्षा ट्यूबखाली बरं. मोबाईल जरा जरी हलला तरी चित्र उड्या मारेल. फोटो जोडून चालवाल तेव्हा मिस्टरांनाही समोर बसवा. उड्या का मारतंय हे बहुतेक तेच आधी विचारतील, आणि उत्तर मुलाला देऊ द्या.