वडिलांचं घर विकायचंय, हाताशी 60 हजार

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमच्या वडिलांचं चिऱ्याचं, कौलारू घर आहे. आई 2 वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घर बंदच आहे. आम्ही तिघं भावंडं. मी डोंबिवलीला, भाऊ पुण्याला, बहीण कोल्हापूरला. घर विकायचं ठरलंय. डागडुजीसाठी तिघांनी मिळून 60 हजार बाजूला काढलेत, त्याहून जास्त जमणार नाहीत. भाऊ म्हणतो, ओटीला चकचकीत फरशी घालू, भिंतींना ऑइलपेंट मारू, भाव चांगला येईल. बहीण म्हणते, आहे तसंच विका. मागच्या भिंतीला कमरेएवढी ओल आहे. आणि देवघरातल्या देवांचं काय करायचं, हा विषय कुणी काढतच नाही.
— अनघा, डोंबिवली

उत्तर : अनघाताई, तुमच्या भावाला आधी सांगा : फरशी नको, आणि ऑइलपेंट तर मुळीच नको. राजापूर तालुक्यातलं माझ्या माहेरचं घर आम्ही 2014 मध्ये विकायला काढलं तेव्हा मी हेच करून बसले होते. फेब्रुवारीत गेले, माजघर आणि पडवी फिक्या हिरव्या ऑइलपेंटने रंगवून घेतली, 38 हजार मोजले. मार्चमध्ये एका गृहस्थांना घर पसंत पडलं, पाऊस लागला की पुन्हा एकदा बघून जातो म्हणाले. जुलैत ते आले तेव्हा मागच्या भिंतीवर ताटाएवढे फुगे आले होते. बोट लावलं की रंगाचा पापुद्रा हातात येत होता. ते काही बोलले नाहीत, पण ठरलेल्या किमतीतून दीड लाख कमी केले आणि आम्ही मान्य केले. पैसे गेले त्याहून मला त्यांच्या नजरेचं लागलं. ओल झाकून घर गळ्यात मारतायत, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटावं असंच ते दिसत होतं.

नंतर गावच्या गवंड्याने मला भिंतीशी उभं करून समजावलं. जांभा, म्हणजे आपला चिरा, पाणी पितो आणि ऊन तापलं की सोडतो. वरून तेलाचा रंग दिला की ते बाहेर पडायची वाट बंद होते, मग ते रंगालाच ढकलतं. म्हणून ओलीला रंग हा उपाय नाही, पाणी कुठून येतंय ते शोधायचं. बंद घरात ते बहुतेक वेळा मागच्या बाजूने येतं. डोंगराकडची माती दर पावसात थोडी थोडी वाहून भिंतीला लागते, पागोळ्यांचं पाणी त्याच मातीत मुरतं, आणि मागचा चर पालापाचोळ्याने बुजलेला असतो. तुमच्याकडे 2 पावसाळे कुणी फावडं घेतलेलं नाही. परसात जाऊन बघा, माती जोत्याच्या वर चढलेली असेल. ती जोत्याच्या खाली हातभर उतरवा आणि पाणी घरापासून लांब जाईल असा उताराचा चर काढा. 2 माणसांचं 2-3 दिवसांचं काम. मी यासाठी 8 हजार धरते, आणि तुमच्या 60 हजारांतला सगळ्यात चांगला खर्च हाच. भिंतीला टेकून लाकूडफाटा रचलेला असेल तर तोही हलवा, वाळवी तिथूनच वर चढते.

तळाशी कुणी सिमेंटचा गिलावा करून ठेवला असेल आणि तो पोकळ वाजत असेल तर खरवडून काढा. भिंत मे महिन्यापर्यंत उघडी वाळू द्या. मग चुना. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घालून पातळ हात द्यायचे, एक वाळला की दुसरा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. सगळ्या घराला मजुरीसकट 7 हजारांत भागावं.

आता छप्पर. भर दुपारी दारं-खिडक्या लावून माजघरात उभ्या राहा आणि वर बघा. जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे फुटकं किंवा सरकलेलं कौल आहे. कोकणात माकडं कुणाचंच छप्पर सोडत नाहीत, त्यामुळे ठिपके दिसले तर घाबरू नका. वाशांवर पाण्याचे काळे ओघळ असतील तिथे सुताराला वर चढवा आणि वाशाची टोकं हातोडीने वाजवून बघायला सांगा, कारण वासा कुजतो तो बहुधा टोकाला, जिथे तो भिंतीवर टेकतो. सगळे वासे बदलायची गरज पडत नाही, 4-5 निघतात. कौलं विकत घेताना मात्र जपून. बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना काढला, त्यानंतर पुष्कळांनी तशी कौलं काढली, आणि एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. कौल उलटं केलं की बनवणाऱ्याचा छाप दिसतो, तो आधी बघा. आम्ही असं केलं : गोठ्यावरची जुनी कौलं काढून घराच्या फुटक्यांच्या जागी बसवली आणि नवी आणलेली गोठ्यावर घातली. घराचं छप्पर एकसारखं राहिलं. शाकारणी, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवणं, एप्रिलमध्येच करून घ्या, मेमध्ये माणूस मिळत नाही. छपराला 25 हजार ठेवा.

विजेचं बिल थकलं असेल तर भरा आणि जुनी वायर वायरमनकडून तपासून घ्या, 5 हजार. अंधाऱ्या माजघरात मोबाइलच्या उजेडात घर दाखवू नका. विहिरीतला पाला काढा. बाकी घर झाडून, धुऊन, मोकळं ठेवा. ओटीचा जुना कोबा नुसता घासून धुतला तरी छान दिसतो. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना चकचकीत फरशी त्यांच्या घरी असतेच, आणि ज्याला पाडून नवं बांधायचंय तो तुमच्या फरशीचा एक रुपया देणार नाही.

सामान आवरताना कागदाचा एक चिटोराही बघितल्याशिवाय जाळू नका. आमच्या आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत घरपट्टीच्या पावत्यांखाली आजोबांच्या वेळचं वाटपपत्र निघालं. ते नसतं तर चुलत्यांच्या मुलांना विचारत फिरावं लागलं असतं. खरं तर कुदळ लावायच्याही आधी कागद हातात घ्यायला हवेत, आणि त्यासाठी 10 हजार वेगळे ठेवा. आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा (घरपट्टीच्या नोंदीचा), सातबारा. सातबाऱ्यावर तुमची तिघांची वारस नोंद झालीय का? 'इतर हक्क' या रकान्यात कुणा कुळाचं किंवा सोसायटीच्या कर्जाचं नाव आहे का? घर गावठाणात आहे की शेतजमिनीवर, हेही पाहा. जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार अडतो. हे न बघता डोंबिवलीच्या शेजाऱ्यांना घर दाखवायला नेलं तर सगळ्यांचाच हिरमोड होईल.

बहिणीचा हिस्सा तुमच्या भावाएवढाच आहे. वडिलांची स्वकष्टाची मिळकत असली तरी, आणि वडिलोपार्जित असली तरी हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे. तेव्हा खरेदीखतावर तिघांच्या सह्या हव्यात. कुणाला यायला जमणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र रीतसर नोंदवून घ्या. 'ताई नुसती सही करेल' असं भावाला वाटत असेल तर तिच्याशी आधी बसून बोला. मी पाहिलेल्या विक्रीत व्यवहार मोडले ते ओलीने कमी आणि न विचारल्याने जास्त. आणखी एक : घर 2001 च्या आधीचं असेल तर 1 एप्रिल 2001 रोजीच्या किमतीचा दाखला मूल्यांकनकाराकडून घेता येतो, आणि नफ्यावरचा कर त्या किमतीपासून धरता येतो. सीएला हे आठवणीने विचारा.

उरले 5 हजार. ते खर्चू नका, पावसाळ्यात काहीतरी निघतंच.

घर मेमध्ये दाखवू नका, असं माझं मत आहे. ऑगस्टमध्ये दाखवा. कोकणातलं घर घेणाऱ्याला मेमधल्या कोरड्या भिंतीने काहीच कळत नाही. मेअखेर मागच्या भिंतीवर जुन्या ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून ठेवा आणि घर बघायला येईल त्याला ती स्वतः दाखवा : इथपर्यंत ओल होती, माती काढली, चर खणला, आता एवढी आहे. थोडी ओल राहीलच. ती दिसू द्या.

देवांचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण माझ्या मते तिघंही तिथेच अडला आहात. आमच्याकडेही कुणी बोलत नव्हतं. शेवटी त्या वर्षी गणपतीला सगळे गावी जमलो. आरती झाल्यावर माझ्या थोरल्या भावाने विचारलं, पुढच्या वर्षी गणपती कुणाकडे? मग रडारड झाली, आणि मग ठरलं. देव भावाने पुण्याला नेले. टाकांचा, म्हणजे देवांच्या धातूच्या प्रतिमांचा, डबा वहिनीने प्रवासभर मांडीवर धरला होता. अंगणातलं तुळशीवृंदावन आम्ही हलवलं नाही, घेणाऱ्यांनी ते ठेवतो म्हणून आपणहून सांगितलं. बयाणा घ्यायच्या आधी हे ठरवा, कारण एकदा तारीख पडली की कुणाला बोलायला सवड राहत नाही. यंदा गणपतीला तिघं मुलाबाळांसकट गावी या. भिंतीवरची ती रेघ तेव्हा कुठे आहे तेही बघा आणि मला कळवा.