मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर घरच्यांच्या नवस-अंगाऱ्याचं काय करायचं?

तुमच्या चार वर्षांच्या मुलाच्या हृदयातलं छिद्र बंद करायचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. सासूबाईंनी नवस बोललाय, अंगारा आणि तीर्थ आयसीयूत न्यायचं म्हणतात. नवऱ्याला यातलं काहीच पटत नाही आणि तुमची ओढाताण होतेय. आमच्या मुलीचं हेच ऑपरेशन झालं, तेव्हा ती तुमच्या मुलापेक्षा थोडी लहानच होती. आमच्याकडेही पात्रं हीच होती, म्हणून लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. श्रद्धेचा भार मोठ्यांनी आपल्या अंगावर घ्यावा, मुलाच्या अंगावर टाकू नये. उपास तुम्ही करा, अनवाणी तुम्ही चाला, पारायणाला तुम्ही बसा. मुलाच्या तोंडात, जखमेवर किंवा नळ्यांच्या आसपास काही जाणार असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

तीर्थाचंच बघा. एक चमचा पाण्याने काय होतंय, असं आमच्या सासूबाईंचंही म्हणणं होतं. पण हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) ऑपरेशन झाल्यावर शरीरात पाणी साठतं, म्हणून पहिले काही दिवस मुलाला पाणी मोजून देतात. मिलीलिटरमध्ये. पोर 'पाणी पाणी' करतं आणि सिस्टर चमच्याचा हिशोब कागदावर लिहितात. तिथे देवळातलं न उकळलेलं पाणी चालणार नाही, हे मी दहा वेळा सांगून पटलं नव्हतं. आम्ही ऑपरेशनच्या आधीच सासूबाईंना सिस्टरसमोर बसवलं आणि त्यांनाच विचारू दिलं. सिस्टर म्हणाल्या, "आजी, मानेत सुई आहे, छातीत नळ्या आहेत. बाहेरचा एक कण आत गेला तर इन्फेक्शन." विषय तिथेच संपला. सुनेचं ऐकणं आणि सिस्टरचं ऐकणं यात किती फरक असतो ते तुम्हाला सांगायला नको. मनगटातला काळा दोराही आधीच काढून ठेवा, तिथे सलाईन लागतं. आमच्या सासूबाईंनी तो देवघरात ठेवला आणि रोज अंगारा त्या दोऱ्याला लावला. कुणाचं काय बिघडलं?

नवसाची गोष्ट जास्त अवघड होती. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. 'पोर बरी झाली की लगेच पायऱ्या चढवून नेईन, गुळाची तुला करीन' असं बोलून झालेलं. आता या ऑपरेशनात छातीचं मधलं हाड कापून परत जोडतात. ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात ढुंगणाखाली, एक पाठीमागे, असं उचलायचं. अशा मुलाला गर्दीत नेऊन तराजूत बसवायचं? शिवाय जेजुरीला भंडारा उधळतात. श्रद्धेने उधळलेली असली तरी ती भुकटीच, ओल्या टाक्यांवर बसणार आणि नाकातोंडात जाणार. नवरा चिडून "नवसच रद्द करा" म्हणाला, त्याने आगीत तेल पडलं. शेवटी गावच्या गुरवांनीच मार्ग काढला. नवसाला उशीर चालतो, देव तारीख बघत नाही, असं ते म्हणाले. (असा एक शहाणा माणूस प्रत्येक गावात असतो. तुमचा शोधून ठेवा.)

एका बाबतीत मात्र मी ऐकून घेतलं नाही. 'पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाहीस, म्हणून हे झालं' असं एक नातेवाईक वॉर्डाच्या दारात मला बोलल्या. हृदयाचा जन्मजात दोष दर १००० बाळांमागे साधारण ८ ते १० जणांत असतो, आणि हृदय गरोदरपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत घडतं, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. मी त्यांना खाली चहा प्यायला पाठवलं आणि परत वर येऊ दिलं नाही. तुम्हीही देऊ नका.

आता श्रद्धेचा उपयोग झाला का? झाला, आणि अगदी रोकडा झाला. रक्तदाते हवे होते, तर सासूबाईंच्या भजनी मंडळातली पोरं पहाटेच्या गाडीने आली. नवरा त्या दिवसापासून भजनाला नावं ठेवत नाही, जात मात्र अजूनही नाही. दुसरं म्हणजे रामरक्षा. आमच्याकडे ती दिवेलागणीला म्हणतात, मुलीने रोज ऐकलेली. व्हेंटिलेटर काढल्यावर ती घाबरून रडायची आणि रडलं की छाती दुखायची. एका वेळी एकालाच आत सोडत, म्हणून मी कानाशी हळू आवाजात म्हणायचे. त्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचं रक्षण मागितलंय. 'करौ सीतापतिः पातु हृदयं जामदग्न्यजित्' या ओळीला माझा आवाज फुटायचा, तिला मात्र ओळखीचं काहीतरी ऐकू येत होतं. ती शांत व्हायची. श्लोकाने की आईच्या आवाजाने, हा वाद नवरा आणि सासूबाई आजही घालतात. तुमच्या मुलाला बडबडगीत आवडत असेल तर ते म्हणा, तेवढंच चालेल.

फिजिओथेरपीवाले फुगे फुगवायला आणि भिरभिऱ्यावर फुंकर मारायला लावतील. फुप्फुसं नीट उघडण्यासाठी ते फार महत्त्वाचं असतं आणि मुलं नेमका त्याचाच कंटाळा करतात. ते काम सासूबाईंकडे द्या. आमच्या सासूबाई प्रत्येक फुंकरीला "येळकोट येळकोट" म्हणायच्या आणि पोर "जय मल्हार" करत फुंकायची. बाजूच्या खाटेवर मालेगावची मुलगी होती. तिची आजी तस्बीह, म्हणजे जपमाळ, ओढत बसलेली असायची, तिनेही नातीला हाच खेळ लावला, फक्त घोषणा वेगळी.

घरी आल्यावर कुणी काढा, भस्म, चाटण आणलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, लघवीच्या आणि हृदयाच्या गोळ्या चालू असतात. ताप आला तर अंगारा लावून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. पेढे-प्रसाद चालेल, पण नंतर दात घासून घ्या. दातांतल्या जंतूंचा त्रास हृदयापर्यंत पोचतो. दाताचं काही काम काढायचं असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, पहिले सहा महिने तर विचाराच. आणि गुळाची तुला कधी करायची तेही त्यांनाच, सासूबाईंना सोबत नेऊन विचारा. आमचे डॉक्टर हसले आणि म्हणाले, "हाड जुळू दे, मग खुशाल करा. गूळ जास्त लागावा म्हणून तोवर पोरीचं वजन वाढवा."