आधी दादाला विचार

पोरी,

परवा तू उठून गेलीस आणि चहा तसाच राहिला. ‘काकू, दादा बारा-बारा वाजेपर्यंत पडून असतो. हा मायटोचा थकवा की डिप्रेशन? किती रेटायचं त्याला?’ असं विचारत होतीस. मायटो, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा आजार, माझ्या लेकीलाही आहे. एकोणतीस वर्षांच्या मुलाबद्दल आई-बाबा स्वयंपाकघरात कुजबुजतात आणि आता तू त्याच्या डॉक्टरांना परस्पर फोन करणार म्हणतेस. माझी लेक आतल्या खोलीत होती, म्हणून मी गप्प बसले.

आधी दादाला विचार. एवढं शिकायला मला सहा वर्षं लागली.

निदान होण्याआधी मी लेकीला पर्वतीच्या पायऱ्या चढायला लावत होते. ‘मन घट्ट कर, जमेल’ म्हणायचे आणि मग ती दोन दोन दिवस अंथरुणातून उठायची नाही. संकष्ट्या करायला लावल्या. या आजारात उपाशी राहणं धोक्याचं असतं, हे खूप उशिरा कळलं. चोवीसाव्या वर्षी रिपोर्ट आला: मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये ३२४३व्या जागी एक अक्षर बदललेलं. हा डीएनए आईकडूनच येतो. माझा मधुमेह, माझ्या कानातलं यंत्र, सगळ्याचं मूळ तेच निघालं. माझ्यात त्या डीएनएच्या बिघडलेल्या प्रती कमी, तिच्यात जास्त.

तो रिपोर्ट मी चार महिने साड्यांच्या खाली ठेवला. तिला धक्का बसेल म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तिच्याकडे बघायची माझीच छाती होत नव्हती. तिला सापडला तेव्हा एवढंच म्हणाली, ‘माझं सगळ्यांना माहीत, मला सोडून.’ त्यानंतर कित्येक महिने ती घरात असून नसल्यासारखी होती.

म्हणून तुझा तो ‘आजार की डिप्रेशन’ प्रश्न ऐकून मला राग आला. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा तो साधारण २० टक्के खातो. पेशींना ऊर्जाच पुरत नसेल तर थकवा कुठे संपतो आणि उदासी कुठे सुरू होते, हे तू दारात उभी राहून कसं ठरवणार? दोन्ही खरं असू शकतं. डिप्रेशनवर उपचार आहेत, ते घ्यायलाच हवेत. बेताचा, डॉक्टरांनी आखून दिलेला व्यायामही उपयोगी पडतो. पण आज किती झेपेल ते त्याच्याच अंगाला माहीत. विचार त्याला.

मनोविकारतज्ज्ञांकडे जाणार असेल तर मायटोकॉन्ड्रियाचं निदान पहिल्याच भेटीत सांगायला हवं. मूड स्थिर ठेवायला वापरतात ते व्हॅल्प्रोएट या आजाराच्या काही प्रकारांत, विशेषतः पीओएलजी जनुकात दोष असेल तर, यकृत निकामी करू शकतं. हे त्याला सांग. डॉक्टरांना तो सांगेल. थकून गेला आणि ‘तूच बोल’ म्हणाला, तर बोल.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला स्वतःचा प्रतिनिधी नेमायचा हक्क दिलाय. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हेही आधी लिहून ठेवता येतं. माझ्या लेकीनं प्रतिनिधी म्हणून मैत्रिणीचं नाव लिहिलं. माझं नाही. मला लागलं, आजही लागतं. पण मी आता तिचं काहीच परस्पर ठरवत नाही. तिनं पूर्ण वेळची नोकरी सोडली, घरून दोन तास शिकवण्या घेते. नातेवाईक म्हणतात, आईनं सूट दिली म्हणून पोरगी बसली. म्हणोत. पर्वतीच्या पायथ्याशी तिला रिक्षात घालताना त्यांच्यापैकी कुणी नव्हतं. रेटून काय होतं ते मी पाहिलंय, त्यांनी नाही.

विचारणं म्हणजे दुरून बघत बसणंही नव्हे. ‘जगणं नको वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का?’ हेही विचार, याच शब्दांत. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. मी एका रात्री विचारलं आणि ती ‘हो’ म्हणाली. त्या रात्री मी तिच्याजवळून हलले नाही, गोळ्यांचा डबा शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला, सकाळी दोघी डॉक्टरांकडे गेलो. असं ‘हो’ आलं तर ते गुपित ठेवायचं नाही, आणि ठेवणार नाही हे त्याला तोंडावर सांगायचं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोनमध्ये आत्ताच घालून ठेव.

आणि परवा तू मला त्याच्याबद्दल जे जे सांगितलंस, ते त्याला विचारून सांगितलंस का? नसशील तर आज घरी जाऊन सांग, काकूंशी तुझ्याबद्दल बोलले म्हणून. चिडेल. चिडू दे.

हे पत्र पाठवण्याआधी लेकीला वाचून दाखवलं. तिनं एक अख्खा परिच्छेद काढायला लावला. काढला.

तुझी,
काकू