वहीतलं टिंब आणि कॅसेटमधला खोकला

बंदिशींच्या, म्हणजे रागात बांधलेल्या चिजांच्या, जुन्या वह्या, घरगुती ध्वनिमुद्रणं आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ग्रंथालयाच्या संग्रहात कशा जपल्या जातात, यावर मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग अशा सगळीकडून प्रश्न आले. त्यातले सहा इथे घेतले आहेत. बरेचसे प्रश्न 'कपाट आवरताना सापडलं' असेच सुरू होतात. कपाट आवरायची हौस थोडी आवरा, एवढंच आधी सांगते.

प्रश्न : ताई, आजोबांची हाताने लिहिलेली वही सापडली. स्वरांच्या डोक्यावर कुठे टिंबं आहेत, कुठे उभ्या रेघा. माझी मुलगी पेटी शिकते, पण तिने वाजवून पाहिलं तर काहीतरी भलतंच वाजतं. आजोबांनी चुकीचं लिहिलं असेल का?

आजोबा बरोबर असतील, तुम्ही वेगळ्या स्वरलिपीच्या (स्वर लिहून ठेवायच्या पद्धतीच्या) चष्म्यातून वाचताय. आज शाळा-कॉलेजात बहुतेक ठिकाणी संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांची लिपी शिकवतात. तिच्यात मंद्र (खालच्या) सप्तकाचं टिंब स्वराखाली असतं आणि तार (वरच्या) सप्तकाचं डोक्यावर. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या लिपीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. म्हणजे पलुस्कर पद्धतीची वही भातखंडे पद्धतीने वाचली की खर्जातला स्वर थेट वर जाऊन बसतो. त्यातही मध्यमाची गंमत सगळ्यात वाईट. भातखंडे लिपीत 'म'वर उभी रेघ म्हणजे तीव्र (चढा) मध्यम, पलुस्कर लिपीत तार सप्तकातला मध्यम. मुलीची पेटी भलतीकडे जाते ती बहुधा इथेच.

ओळखायचं कसं? आधी स्वर सोडा, ताल पाहा. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) फुली आणि 'खाली'च्या मात्रेवर (जिथे टाळी देत नाहीत) शून्य असेल तर भातखंडे. समेवर १ आणि 'खाली'च्या मात्रेवर अधिकचं चिन्ह असेल तर पलुस्कर. मग कोमल (उतरलेले) स्वर पाहा. खाली आडवी रेघ असेल तर भातखंडे, अक्षराचा पाय मोडलेला असेल तर पलुस्कर. एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली कमान काढणं ही भातखंडे लिपीची सवय. पलुस्कर लिपीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या मात्रेची वेगळी खूण असते. आणि कंसात एकटाच प दिसला तर मुलीला सांगा, तो नुसता प नाही, ध प म प असा झटकन घ्यायचा आहे.

बडोद्यात तिसरी शक्यताही धरून चाला. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली तेव्हा ती मौलाबक्षांच्या हाती दिली, आणि मौलाबक्षांची स्वतःची स्वरलिपी होती. भातखंड्यांची पुस्तकं यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली, तिच्यामागे भातखंडे होते. तेव्हा एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन-तीन लिप्या नांदल्या असणार. आजोबांनी सुरुवात एका लिपीत करून मधेच दुसरी धरली असेल तरी नवल नाही. वहीत लिपी कुठल्या पानावर बदलते ते टिपून ठेवा. बहुतेक वेळा तिथे गुरू बदललेला असतो.

शब्दांतही खुणा असतात. अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, 'प्रेमपिया' आलं तर ती रचना आग्रा घराण्याचे गायक फैयाज खाँसाहेबांची, 'दरसपिया' असेल तर त्यांचे सासरे मेहबूब खाँ यांची, 'चतुर' असेल तर भातखंड्यांची. रचनाकाराची ही नाममुद्रा ओळखायला गाणं यावं लागत नाही, नुसते डोळे पुरतात.

प्रश्न : वडिलांनी १९८० च्या सुमारास आजीला बोलतं करून चार कॅसेट भरल्या होत्या. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून लावून पाहू का? मोबाइलच्या दुकानात 'एमपी३ करून देतो' म्हणतात.

लावायच्या आधी चार गोष्टी. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असतात त्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आजी पुसली जाणार नाही. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट अजिबात लावू नका, जाणकाराकडे द्या. आत फीत दाबून धरणारा छोटा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का पाहा. आणि पहिल्यांदा लावाल ती बाजारातली कुठलीही टाकाऊ कॅसेट असू दे, आजीची नको. दुरुस्त केलेली मशीन फीत खाते की नाही ते दुसऱ्या कुणाच्या फितीवर कळलेलं बरं.

एमपी३ ऐकायला ठीक, जपायला नाही. त्यात आवाजाचा काही भाग कायमचा फेकून दिलेला असतो. जपायची प्रत वेव्ह फाइलमध्ये, ९६ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर करून घ्या. स्टिरिओ असेल तर तासाला साधारण २ जीबी जागा लागते. आजकाल लग्नाच्या व्हिडिओला याच्या कितीतरी पट जागा देतो आपण.

दुकानदाराला एक गोष्ट बजावून सांगा : 'साफ' करून देऊ नकोस. पंख्याची घरघर, आजीचा खोकला, मधेच खालून आलेली भाजीवाल्याची आरोळी काढून टाकली की सोबत आजीच्या श्वासाच्या जागाही जातात. ऐकण्यासाठी हवी तर वेगळी साफ प्रत करा, मूळ तशीच राहू दे.

आणखी एक. जुन्या मशीनचा वेग बऱ्याचदा बिघडलेला असतो. आजी गात असेल तर तिची पट्टी घरात कुणाला आठवते का विचारा. ती काळी चारमध्ये गायची आणि कॅसेटवर तिच्या लगेच खालची पांढरी पाच ऐकू येते, तर मशीन हळू चालतंय. घरातल्या आठवणीने यंत्राची चूक पकडता येते ती अशी.

प्रश्न : वही लॅमिनेट करून घेऊ का? डांबराच्या गोळ्या ठेवू का?

नाही. दोन्हीला नाही. लॅमिनेशन उलटवता येत नाही, आणि चिकटपट्टीही लावू नका; दहा-पंधरा वर्षांनी तिचा डाग कागदापेक्षा जास्त दिसतो. वेखंडाची पुरचुंडी आणि धुतलेल्या सुती कापडाचं बासन चालेल. खरी भीती बडोद्यात ओलीची. २०१९ आणि २०२४ ला विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचं काय झालं ते आठवा. वही वरच्या मजल्यावर, भिंतीला न टेकवता ठेवा. भिजलीच तर उन्हात वाळवू नका, पानं सोडवायलाही जाऊ नका. पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग सावकाश मदत शोधा. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते, गोठलेल्या कागदावर नाही.

प्रश्न : माझ्या आत्याबाई ८८ वर्षांच्या आहेत. लहानपणी घरी उस्ताद शिकवायला यायचे. त्यांची मुलाखत घ्यायची आहे, पण 'तुमच्या संगीतसाधनेविषयी सांगा' म्हटलं की त्या 'त्यात काय सांगायचं' म्हणून गप्प बसतात.

बसणारच! तो प्रश्न सत्काराच्या भाषणातला आहे. त्याऐवजी विचारा : उस्ताद कुठल्या दाराने आत यायचे? चहा कुठल्या कपात द्यायचा? शिकवणी चालू असताना स्वयंपाकघरातल्या बायका ऐकायच्या का? बिदागी कोण द्यायचं, हातात की पाकिटात? बंदिश लिहून घेऊ द्यायचे का, की ते गेल्यावर रात्री आठवून लिहायचं? या शेवटच्या प्रश्नावर आत्याबाई अर्धा तास बोलतील, पैज लावते. पुष्कळ गुरूंना वही समोर दिसली की राग यायचा.

मुलाखत सकाळी घ्या, पाऊण तासाच्या वर नको. कुकर आणि पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं मोठ्याने बोला, कारण फाइलचं नाव बदलतं पण बोललेलं आत राहतं. मग तंबोरा किंवा पेटीचा षड्ज (सा) दहा सेकंद वाजवून घ्या, म्हणजे पट्टी नोंदली जाते. त्या गप्प झाल्या की तुम्हीही गप्प राहा. नवख्या मुलाखतकाराला शांतता सोसवत नाही, तो पुढचा प्रश्न टाकतो, आणि ओठांवर आलेली गोष्ट परत जाते. माझ्या पहिल्या दहा मुलाखतींमध्ये मीच जास्त बोलले आहे. आता ऐकवत नाहीत.

आणि त्यांना सुधारू नका. त्या 'तीव्र गंधार' म्हणाल्या तर त्यांना आजचा शुद्ध गंधार म्हणायचं आहे, 'कोमल मध्यम' म्हणाल्या तर शुद्ध मध्यम. जुनी माणसं तसंच बोलत, खुद्द भातखंडेही. मराठी बोलता बोलता गुजराती घुसलं, तर उतरवून काढताना तेही तसंच ठेवा. 'मास्तर बहु कडक' असं त्या म्हणाल्या असतील तर त्याचं 'गुरुजी अतिशय शिस्तप्रिय होते' करू नका. बडोद्याचं मराठी असंच आहे, ते पुण्याच्या इस्त्रीखाली घालायचं कारण नाही.

घरातल्या भांडणांचा विषय निघेल. तेव्हा रेकॉर्डर बंद करू का, असं विचारा. चालू ठेवलात आणि हा भाग त्या हयात असेपर्यंत कुणाला ऐकवू नये असं त्या म्हणाल्या, तर ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड होऊ द्या. संग्रहात असे भाग बंद ठेवण्याची सोय असते.

प्रश्न : वही आमच्या मालकीची आहे. मग बंदिशी छापायला कुणाची परवानगी कशाला?

कागद तुमचा, रचना रचणाऱ्याची. रचनाकाराच्या निधनानंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. भातखंडे १९३६ मध्ये गेले, फैयाज खाँ १९५० मध्ये. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना आता मोकळ्या आहेत. हयातीत छापल्याच गेल्या नसतील तर मुदत प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, तेव्हा आजोबांच्या स्वतःच्या रचनांसाठी सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. मैफलीच्या खासगी ध्वनिमुद्रणावर गायकाचेही हक्क असतात. ते इंटरनेटवर टाकायची घाई नको.

वही ग्रंथालयाला देणार असाल तर देणगीपत्र लेखी करा : काय दिलं, कोण वापरू शकेल, मूळ वही बाइंड करायची की नाही. शेवटचं कलम मुद्दाम सांगतेय. मी उमेदवारीत असताना एका ग्रंथालयात आलेली वही आम्ही कौतुकाने बाइंडिंगला दिली. बाइंडरने कडा कापून सरळ केल्या आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं सगळं गेलं. काय होतं त्यात? 'आज मास्तर रागावले', 'ही चीज पुन्हा विचारणे', असलंच. छापील पुस्तकात नसतं ते नेमकं तेवढंच. वहीत ठेवलेली धोब्याची यादी, पोस्टाची पावती हेही फेकू नका. आतल्या नोंदींवर तारीख नसते, पावतीवर असते. फक्त ती कुठल्या पानात होती ते लिहून वेगळ्या पाकिटात घाला.

प्रश्न : वहीतली यमनची बंदिश आणि आई म्हणते ती, यांत मुखडाच (सुरुवातीची उचल) वेगळा आहे. पुस्तकातली तिसरीच. संग्रहात खरी कुठली द्यायची?

हा प्रश्न विचारलात म्हणून तुम्हाला संग्रहाचं काम कळलंय असं समजते. तिन्ही द्या. लिहिलेली बंदिश म्हणजे एका दिवशी एकाने ऐकून उतरवलेली. गाणारा दुसऱ्या दिवशी तीच चीज दोन मात्रा आधी उचलतो, आणि त्याची मुलगी तीच उचल पुढे नेते. भातखंड्यांनी शेकडो चिजा उस्तादांकडून मिळवून छापल्या, तेव्हाही 'आमच्या घरात अशी म्हणत नाहीत' म्हणणारे होतेच, आणि तेही खोटं बोलत नव्हते. लिपीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कमानीने दाखवता येते, पण ती किती सावकाश घ्यायची ते आईच्या गळ्यातच आहे.

म्हणून आईकडून ती बंदिश गाऊन घ्या, एकदा वही न बघता, एकदा वही समोर ठेवून. दुसऱ्यांदा ती कुठे अडखळते ते ऐका आणि तिथेच थांबवून विचारा की तुला कुणी असं शिकवलं. मग वहीच्या यादीत त्या पानासमोर लिहा : मुखडा आईचा वेगळा, फाइल अमुक, मिनिट अमुक. आणि फाइलच्या नोंदीत उलट : वही, पान अमुक.