बिशप झाल्यावर आधी काय सांभाळायचं?

तुम्ही विचारलंय की, गेल्या रविवारी युटामधल्या तुमच्या वॉर्डाचे, म्हणजे आपल्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या स्थानिक मंडळीचे, बिशप म्हणजे प्रमुख झालात, पेशाने हिशेबनीस, धर्मशास्त्र कधी शिकला नाहीत, तर लोकांची दुःखं झेलणार कशी? ही सेवा मी केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिक्षणाची चिंता सोडा. आपल्या वॉर्डात पगारी धर्मगुरू नसतोच. 1831 मध्ये पहिले बिशप झाले ते एडवर्ड पार्ट्रिज टोप्यांचा धंदा करायचे. साधारण पाच वर्षांनी ही जबाबदारी संपली की तुम्हीही पुन्हा सगळ्यांबरोबर बाकावर बसाल.

माझ्या मते सगळ्यात नाजूक काम पैशाचं आहे. महिन्यातून एका रविवारी सभासद दोन वेळचं जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे फास्ट ऑफरिंग म्हणून देतात. त्यातून कोणाला किती मदत करायची हे तुम्ही ठरवणार. नोकरी गेलेला माणूस समोर बसतो तेव्हा त्याची मान खाली असते. त्याला चौकशीला बसवल्यासारखं वाटू देऊ नका. रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे वॉर्डातल्या महिलांच्या संघटनेच्या, अध्यक्षांना त्या घरी जाऊ द्या. मुलं काय खातात, घरात काय संपलंय हे त्यांना बरोबर कळतं. किराणा बिशप्स स्टोअरहाउसमधून, म्हणजे गरजूंसाठीच्या चर्चच्या कोठारातून मिळतो, भाडं थेट घरमालकाला द्या. आणि त्या माणसाला वॉर्डात काहीतरी काम जरूर सांगा. घेणारा माणूस देऊही शकतो, हे त्याला जाणवायला हवं.

दुसरं, कबुली ऐकणं. कोणी आपली चूक सांगायला आलं की लगेच उपदेश करू नका, आधी पूर्ण ऐका. ऐकलेलं बायकोलाही सांगायचं नाही. हे फार जड जातं. तिला फक्त तुमचा उतरलेला चेहरा दिसतो, म्हणून तिला आधीच कल्पना देऊन ठेवा. नैराश्य किंवा व्यसन असेल तर प्रार्थना कराच, पण डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडेही पाठवा. आपण थेरपिस्ट नव्हे. लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर मात्र गप्प बसणं हे पाप आहे. त्याच दिवशी चर्चच्या हेल्पलाइनला फोन करा आणि प्रकरण पोलिसांपर्यंत पोहोचेल असं बघा. घराण्याची अब्रू, माणसाचं पद, काहीही आड येऊ देऊ नका.

सभासदांच्या वैयक्तिक मुलाखती घ्याव्या लागतीलच. किशोरवयीन मुलांना सोबत पालक किंवा दुसरं मोठं माणूस हवं असेल तर येऊ द्या, तशी मुभा 2018 पासून आहे. प्रौढांचे बरेचसे प्रश्न एल्डर्स कोरम (प्रौढ पुरुषांचा गट) आणि रिलीफ सोसायटीचे अध्यक्ष सांभाळू शकतात, त्यांच्यावर सोपवा. बिशपने मुख्यतः तरुण मुलांना वेळ द्यायचा आहे. सगळं स्वतः करणारे बिशप थकतात, आणि मग ज्या मुलाला खरंच बोलायचं असतं त्याला वेळ मिळत नाही.

सोमवारी संध्याकाळी चर्चची बैठक ठेवायची नसते. ती संध्याकाळ तुमच्या मुलांची आहे, तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. अगदीच तातडीचं असेल तर बिशपच्या कामात तुमचे दोन सहायक (काउन्सेलर) आहेत, त्यांचे नंबर वॉर्डात सगळ्यांना देऊन ठेवा.