फिनटेक (पैशांचे व्यवहार ऑनलाइन करून देणाऱ्या) कंपनीची वेबसाइट नव्याने करतोय. ग्राहकांचा विश्वास बसेल असं डिझाइन कसं करावं? रंग निळा ठेवावा की हिरवा?

कुठलाही ठेवा. रंगाने विश्वास बसत नाही, हे मी एका डिझायनरला घसा कोरडा होईस्तोवर सांगितलंय. तेव्हा मी बडोद्यात ऑनलाइन कर्ज देणाऱ्या एका कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायचे.

आमचीही साइट नवी झाली होती. हसणारं जोडपं, कुलपाची चित्रं, 'लाखो समाधानी ग्राहक', सगळं होतं. फक्त ऑफिसचा पत्ता काढून टाकलेला, पान मोकळं दिसावं म्हणून! मग फोनवर एकच विचारणा: तुमचं ऑफिस आहे कुठे? दांडिया बाजारातले एक निवृत्त काका तर पत्ता विचारून, रिक्षा करून थेट अलकापुरीत आले. बोर्ड वाचला, पाणी प्यायले, माझं नाव विचारलं आणि गेले. फॉर्म घरी जाऊन मोबाइलवरच भरला, बरं का. मीटिंगमध्ये हे सांगितलं तर उत्तर मिळालं, "काका आपले टार्गेट कस्टमर नाहीत." सयाजीराव महाराजांनी १९०८ साली जिथे बँक ऑफ बडोदा काढली, त्या गावात हे ऐकायचं!

त्या डिझायनरशी खरं वाजलं ते प्रोसेसिंग फीवरून. माझं म्हणणं, फी पहिल्याच पानावर, हप्त्याच्या कॅल्क्युलेटरशेजारी दाखवा. तो म्हणे, अर्ज कमी येतील. येऊ देत ना! मंजूर पन्नास हजार आणि फी कापून खात्यात त्याहून कमी आले, की शिव्या फोन उचलणाऱ्याला पडतात. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम आले. करार होण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं, त्यात सगळे आकार, म्हणजे शुल्कं, धरून वार्षिक दर सांगायचा, आणि त्यात नसलेला आकार नंतर लावायचा नाही. मी ते परिपत्रक ग्रुपवर टाकलं. त्याचा नुसता अंगठा आला. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. शेवटच्या पायरीवर फी उघड करणं आणि खोटी घाई लावणं, दोन्ही त्या यादीत आहेत. तेही पाठवलं. तोवर साहेब नोकरी बदलून गेले होते.

तुम्ही एवढं करा: कंपनीचं नोंदणीकृत नाव, पत्ता, पैसे नक्की कुठल्या बँकेचे किंवा एनबीएफसीचे (बँक नसलेल्या वित्त कंपनीचे), आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-फोन. हे सगळं शोधावं लागता कामा नये. तीस दिवसांत तक्रार सुटली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हेही स्वतःहून लिहा. 'आमच्याविरुद्ध तक्रार कशी करायची ते आम्हीच कशाला सांगायचं' असं म्हणणारा एकजण तुमच्याकडेही निघेलच.

हे सगळं कर्जाच्या धंद्याबद्दल. तुमचं काम विमा किंवा म्युच्युअल फंडाचं असेल तर नियम वेगळे. अक्षरं मोठी ठेवा, गुजराती-मराठीतही पान द्या. फॉन्टचं मला विचारू नका, मी डिझायनर नाही.

आणि डिझाइनच्या मीटिंगला फोन घेणाऱ्यांपैकी एकाला बोलवा. बसायला खुर्चीही द्या. मी दाराशी उभी होते.