पिझ्झाचा तळ आधी ठरवावा

प्रश्न : आमच्या घरी पिझ्झा करायचा म्हटले की दोन तट पडतात. मला पातळ, कुरकुरीत तळ आवडतो, तर सुनेला जाड आणि मऊ. वर कांदा, सिमला मिरची, टोमॅटो, मका, पनीर असे सर्व काही हवे असते. परिणामी मधला भाग गिच्च राहतो आणि तुकडा उचलताच वरचा ऐवज ताटात पडतो. यांतला खरा पिझ्झा कोणता? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : 'खरा' हा मान इटलीतील नेपल्स शहराला द्यावा, तर तेथील पिझ्झा आपल्या दोघींच्याही आवडीत बसत नाही. सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तापलेल्या लाकडाच्या भट्टीत तो दीड मिनिटाच्या आतच भाजला जातो, त्यामुळे कड फुगून तिच्यावर काळे ठिपके उमटतात, परंतु मध्यभाग मऊच राहतो. आपला कुरकुरीत तळ रोमचा आहे. तेथे पिठात थोडे तेल घालून पिझ्झा चक्क लाटण्याने लाटतात. नेपल्सच्या कारागिराला हे मुळीच खपणार नाही, कारण लाटण्याने कडेतील हवा निघून जाते. सूनबाईंची आवड अमेरिकेतील डेट्रॉइटच्या वळणाची आहे. तेथे १९४६ पासून पोलादी चौकोनी ट्रेमध्ये जाड पिझ्झा करतात आणि चीज अगदी कडेपर्यंत पसरतात, म्हणजे ते ट्रेला लागून खरपूस होते.

घरच्या ओव्हनचा पारा बहुधा २५० अंशांपुढे जात नसल्याने नेपल्सचा हट्ट सोडावा. एकच पीठ मळून त्याचे दोन भाग करावेत. एक पातळ लाटून, आधीच तापवलेल्या ट्रेवर घालून भाजावा. त्यावर दोनच जिन्नस पुरेत. दुसरा भाग तेल लावलेल्या चौकोनी केकच्या भांड्यात पसरून तासभर फुगू द्यावा. कोपऱ्याचे तुकडे चारच निघतात, तेव्हा नवे भांडण गृहीत धरावे.

गिच्चपणाचे मूळ भाज्यांच्या पाण्यात आहे. ओव्हनच्या मंद आचेवर ते उडून जाण्यापूर्वीच तळात मुरते. म्हणून कांदा आणि सिमला मिरची मोठ्या आचेवर दोन मिनिटे परतून घ्यावी, टोमॅटोच्या बिया काढाव्यात, मका कोरडा करावा. अननसाविषयी आपण विचारलेले नाही, पण १९६२ मध्ये कॅनडातील सॅम पॅनोपोलस यांनी तो पिझ्झावर घातल्यापासून वाद मिटलेला नाही. माझे मत विचाराल, तर गोडाला माझा आक्षेप नाही, डब्यातल्या अननसाचा पाक न निथळता घालण्याला आहे.

जाड पिझ्झासाठी डेट्रॉइटची आणखी एक रीत उचलण्याजोगी आहे. पिठावर थेट चीज पसरावे आणि टोमॅटोचा दाट सॉस त्याच्या वर, पट्ट्यांसारखा ओढावा. सॉसचा ओलावा मग पिठापर्यंत सहसा पोहोचत नाही.